मला सही येते

१६ जानेवारी, शुक्रवार. सकाळचे साडेदहा. मी ऑफिसातल्या स्टँप पॅडमध्ये शाई घालत होते.

हे माझं काम नव्हे. मी या शाळेत समुपदेशक आहे. पण क्लार्क रजेवर होता, पॅड सुकून खडखडीत झालं होतं, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, शाईची बाटली माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "तुम्ही करा हो. नाहीतरी तुमचे हात रिकामेच असतात. तोंडाचंच काम तुमचं."

ऑफिसात दोन शिक्षिका होत्या. दोघी हसल्या. मीही हसले. तीन वर्षांत मला ते चांगलं जमायला लागलं होतं.

जांभळी शाई. बाटलीचं बूच चिरलेलं. बोटं माखली. मी पॅडवर शाई पसरवली, झाकण लावलं, हात धुऊन आले. डाग राहिलाच.

आमची शाळा परळची. मराठी माध्यम, वर सेमीच्या तुकड्या. जूनमध्ये प्रवेशाचं बॅनर लागतं, त्यावर मोठ्या अक्षरांत असतं: 'शाळेत पूर्णवेळ समुपदेशक'. तो पूर्णवेळ समुपदेशक जिन्याखालच्या खोलीत बसतो. माझ्या डोक्यावरून रोज सहाशे मुलं खाली उतरतात. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता आणि कोपऱ्यात गॅदरिंगचे थर्माकोलचे मुकुट. खात्याची माणसं तपासणीला येतात तेव्हा मुकुट हलवतात. फोटो काढतात. मुकुट परत येतात.

मुलं खोलीला 'मेंटल रूम' म्हणतात. मुलांना दोष नाही. वर्गावर बाई ओरडतात, "गप्प बस, नाहीतर खाली पाठवीन." खाली म्हणजे माझ्याकडे. पूर्वी अंगठे धरून उभं करायचे, आता माझ्याकडे पाठवतात. एवढाच बदल.

मोठ्या बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, समुपदेशन या शब्दातच उपदेश आहे. मग उपदेश करा ना! ऐकत काय बसता?" सगळा स्टाफ हसला होता. त्या दिवशीही मी हसले होते.

खोलीबाहेर पाटी आहे. पाटीवर फक्त 'समुपदेशक'. नाव नाही. बाकी सगळ्या पाट्यांवर नावं आहेत. मोठ्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "नाव नको टाकूया. आडनावावरून पालक उगाच काहीबाही विचारतात." मी बरं म्हटलं. मी करी रोडच्या चाळीत वाढलेली, बौद्ध, गिरणी कामगाराची मुलगी. पंधरा वर्षं बालवाडी चालवली. चाळिशीनंतर समाजकार्याची पदवी घेतली. नोकरी मिळत होती. पाटीवर नाव नसलं म्हणून काय बिघडतं, असं वाटलं.

बिघडतं. हळूहळू बिघडतं.

तर त्या शुक्रवारी अकरा वाजता श्रावस्तीच्या आईला बोलावलं होतं.

श्रावस्ती सातवी ब मध्ये. बारा वर्षांची, बारीक, बोलायला कमी. तिचं कुटुंब वरळीच्या बीडीडी चाळीतलं. गेल्या वर्षी त्यांना टॉवरमध्ये घर मिळालं. अठरावा मजला. चाळीत सगळी दारं दिवसभर उघडी असायची. कोण आलं, कोण गेलं, कुणाकडे बोंबील तळतायत, सगळं गॅलरीत कळायचं. टॉवरमध्ये दार लागलं की लागलं. आईची ड्युटी दुपारी दोन ते दहा. वडील नाहीत. मुलगी शाळेतून घरी जायची आणि दहापर्यंत एकटी. एकदा लॅच बिघडलं. आतून उघडेना. तीन तास ती दारावर थापा मारत होती. शेजारच्यांना ऐकू गेलं नाही. टॉवरच्या भिंती चांगल्या असतात.

त्यानंतर तिला बंद दार सहन होईना. वर्गाचं दार लागलं की श्वास कोंडायचा. ती उठून दार उघडायची. बाई बंद करायच्या. ती पुन्हा उघडायची. बाईंना वाटलं, मस्ती करते.

हे सगळं मला तिने सांगितलं. एका दिवसात नाही. दीड महिना ती माझ्याकडे येऊन नुसती बसायची. माझ्या खोलीचं दार मी उघडं ठेवत होते, म्हणून येत होती. मग एका दिवशी म्हणाली, "मॅडम, आमच्या नव्या घरात आवाजच येत नाय कोणाचा."

मी माझ्या नोंदवहीत चार ओळी लिहिल्या. वारंवार वर्गाबाहेर पळते, दार आपटते. बंद जागेची तीव्र भीती आहे. तिचा बाक दारापाशी द्यावा. तास चालू असताना दार उघडं ठेवावं, दोन महिन्यांत फरक पडेल.

बस. यात खर्च नाही, औषध नाही. एक बाक हलवायचा, एक दार उघडं ठेवायचं. मी वर्गाच्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका मुलीसाठी दार उघडं ठेवू? पॅसेजमधून आवाज येतो. बाकीच्या साठ मुलांनी काय पाप केलंय?" मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू." मी दोनदा आठवण करून दिली. दोनदा 'बघू'. मी गप्प बसले. आपलं काम आपण केलं, असं स्वतःला सांगितलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वर्गाच्या बाईंनी दाराची आतली कडी लावली आणि कडीपुढे खुर्ची टाकून बसल्या. श्रावस्ती उठली. बाईंनी दंड धरून तिला मागे ओढलं. तिने कंपासपेटी फेकली. दारावर फेकली, असं ती म्हणते. बाईंच्या चष्म्याला लागली. काच तडकली. बाई वर्गासमोर बोलल्या ते मुलांनी मला जसंच्या तसं सांगितलं: "टॉवरात गेलात तरी चाळ काही सुटत नाही तुमच्यातली."

तुमच्यातली. हा शब्द मी पन्नास वर्षं ऐकतेय. त्याला नाव नाही, आडनाव नाही. माझ्या पाटीसारखाच.

आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, कायदा आहे. म्हणून शाळा काढत नाही. पालकच मुलाला काढून घेतात. तसा टाइप केलेला अर्ज शाळेत तयार असतो, फक्त नाव भरायचं. 'मी स्वेच्छेने माझ्या पाल्याचा दाखला मागत आहे.' मग दाखला मिळतो. त्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहितात माहीत आहे? 'चांगली'. प्रत्येकाच्या दाखल्यावर 'चांगली'. वर्तणुकीसाठी हाकललेल्या मुलीची वर्तणूकसुद्धा चांगली.

तर अकरा वाजता ती आई आली. मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये टेबलापलीकडे मोठ्या बाई, बाजूच्या खुर्चीत मी. तिला बसायला सांगितलं गेलं नाही. अंगावर निळा कोट होता, बाहीवर कसला तरी पिवळट डाग. इथून थेट ड्युटीवर जायची असणार. मी तिच्याशी फोनवर दोनदा बोलले होते, भेट पहिलीच. निळा कोट बघितला आणि मी मनात ठरवून टाकलं: हाऊसकीपिंग.

मोठ्या बाई म्हणाल्या, "हे बघा बाई, तुमच्या मुलीला आमच्याकडे ठेवण्यात तिचंच नुकसान आहे. तिला वेगळी शाळा लागते. स्पेशल. आमच्या समुपदेशक मॅडमनीच तसं लिहिलंय."

मी दचकले. त्यांनी कागद वाचला. 'समुपदेशकाच्या निरीक्षणानुसार सदर विद्यार्थिनी वारंवार वर्गाबाहेर पळते, दार आपटते. तिला बंद जागेची तीव्र भीती आहे. सबब तिला विशेष शाळेची गरज आहे.'

माझ्या चार ओळींतल्या पहिल्या दोन घेतल्या होत्या. बाकाची ओळ नाही. दाराची ओळ नाही. त्या जागी 'सबब'. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. माझी नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची असते, मार्चअखेर संपते. दर वर्षी मार्चमध्ये मी मोठ्या बाईंच्या दारात उभी असते. जिन्याखालची खोली, बिननावाची पाटी, मार्चमधलं ते दार. याच्यात मी तीन वर्षं राहत होते आणि त्याला नोकरी म्हणत होते.

मोठ्या बाईंनी दुसरा कागद आईपुढे ठेवला. स्वेच्छेचा अर्ज. नाव भरून तयार. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, जरा."

जरा म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. टेबलावर पेनस्टँड होता. त्यात चार पेनं होती. माझा हात तिकडे गेला नाही. माझा हात गेला सकाळी भरलेल्या पॅडकडे. मी झाकण उघडलं. पॅड तिच्यापुढे सरकवलं.

मी. कुणी सांगितलं नव्हतं.

ती पॅडकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही.

"मला सही येते, मॅडम."

ती पुढे म्हणाली, "मी लॅबमध्ये आहे, रक्ताच्या बाटल्यांवर नावं घालते. दिवसाला दोन-दोनशे. माझं अक्षर चुकलं तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला जातो. अजून गेलेला नाय."

मग तिने अर्ज उचलला आणि उभ्याउभ्या पूर्ण वाचला. "हितं स्वेच्छेने लिहिलंय. माझी इच्छा कधी विचारली तुम्ही?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत विचार करा. नाही केलीत सही तर चष्म्याचं प्रकरण आम्हाला पुढे न्यावं लागेल. मुलीच्या नावावर पोलिसांत नोंद झाली तर बरं दिसेल का?"

तिने मोबाइल काढून दोन्ही कागदांचे फोटो घेतले. कागद टेबलावर ठेवले. सही न करता निघाली. मी दारापर्यंत गेले. तीच बोलली. "शाई लागलीय तुमच्या हाताला."

आणि जिना उतरून गेली.

आता चाळीस वर्षांपूर्वीचं सांगते. जास्त नाही सांगणार.

मी पाचवीत होते. आमच्या वर्गाच्या बाई दर महिन्याला फी-सवलतीचे फॉर्म भरायच्या वेळी म्हणायच्या, "सवलतवाली मुलं उभी राहा." आम्ही सातजण उभे राहायचो. सगळा वर्ग वळून बघायचा. एक महिना मी उभी राहिले नाही. बाई जवळ आल्या, कान धरून उठवलं. मी त्यांच्या हाताला चावले. रक्त आलं. त्या दिवसापासून दहावीपर्यंत माझं नाव 'चावरी' होतं. मी का चावले, असं मला कुणी विचारलं नाही. शाळेत विचारायला माणूसच नव्हता. आता माणूस ठेवलाय, तर त्याला जिन्याखाली बसवलंय.

वडलांना बोलावणं आलं. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नव्हती. एका गोदामावर वॉचमन होते. तो खाकी शर्ट घालूनच आले. हेडमास्तर त्यांना म्हणाले, "ये रे. इथं अंगठा कर." माफीपत्र आधीच लिहून ठेवलेलं. 'माझ्या मुलीस वळण लावण्यात मी कमी पडलो.' शेजारी उघडं पॅड.

माझ्या वडलांचं अक्षर आमच्या चाळीत सगळ्यांत देखणं. जयंतीच्या आधी चाळीचा फळा तेच लिहायचे. अर्धा मजला गावची पत्रं त्यांच्याकडून लिहून घ्यायचा. त्या दिवशीही खाकी शर्टाच्या खिशाला पेन होतं. मी बघत होते. मला वाटलं, आता काढतील. आता काढतील.

त्यांनी अंगठा दिला.

घरी येऊन मोरीत बसून राखेने घासत राहिले. आईने विचारलं तर म्हणाले, गोदामावर रंग लागला. मी पुष्कळ वर्षांनी विचारलं, पेन का नाही काढलं? ते म्हणाले, "त्यांनी पॅड उघडलेलं होतं. पेन काढलं असतं तर त्यांना खोटं पाडल्यासारखं झालं असतं. तुझं नाव कापलं असतं."

त्या उत्तराचा मला आयुष्यभर राग होता. बापावर राग. शुक्रवारी पहिल्यांदा कळलं, तो राग चुकीच्या माणसावर होता. पॅड उघडलं जातं तेव्हाच सगळं ठरलेलं असतं. आणि या वेळी ते मी उघडलं होतं. ब्राह्मण बाईने नाही, हेडमास्तरने नाही. करी रोडच्या चाळीतल्या पोरीने निळा कोट बघितला आणि अंगठा ठरवला.

मी केबिनमध्ये परत गेले. मोठ्या बाईंनी माझ्या रिपोर्टचा कागद पुढे केला आणि पेन दिलं. मला पेन.

मी म्हटलं, "ह्यात माझ्या दोन ओळी गाळल्यात."

"तेवढं तांत्रिक नका बघू. सही करा."

"नाही करणार."

त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, मार्च जवळ आलाय."

"माहीत आहे."

"तुमच्या लोकांचा पुळका तुम्हाला येणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तुम्हाला घेतलं. उपकार विसरू नका."

या वेळी मी हसले नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना ते लगेच जाणवलं, कारण त्या थांबल्या. मी कागद टेबलावर ठेवला, पॅडचं झाकण लावलं आणि जिन्याखाली जाऊन बसले. श्रावस्ती त्या दिवशी शाळेत आली नव्हती. मी तिच्या आईला फोन लावला. म्हटलं, उद्या तिला पाठवा. त्या अर्जावर सही करू नका. आणि पॅड मी उघडलं, ती माझी चूक होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाठवते. पण दाराचं काय?"

बरोबर प्रश्न होता. माफी मागून दार उघडत नाही.

शनिवारी शाळा सकाळची, साडेसातला भरते. मी साडेसहाला गेटवर होते. पेडणेकर मावशी, आमच्या शिपाई, कुलूप काढत होत्या. "काय गो, इतक्या सकाळी?" मी पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून दाखवला आणि सातवी ब ला चालले म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्क्रू-ड्रायव्हरकडे. "गंजलेले असतले स्क्रू. आदी तेल घाल," म्हणाल्या आणि खोबरेल तेलाची बाटली आणून दिली.

चार स्क्रू. तीन निघाले. चौथ्याने वीस मिनिटं घेतली. आतली कडी हातात आली. दाराला चार भोकं राहिली. आता दार लोटता येईल. कोंडता येणार नाही. मग श्रावस्तीचा बाक मधल्या रांगेतून ओढत दारापाशी आणला.

आदल्या संध्याकाळी घरी बसून मी पत्र लिहिलं होतं. माझ्या चारही ओळी, जशाच्या तशा. त्याखाली: 'सातवी ब च्या दाराची आतली कडी मी काढली आहे. शाळेने तयार केलेल्या रिपोर्टवर मी सही केलेली नाही व करणार नाही. श्रावस्तीच्या आईने दाखला मागितलेला नाही.' तीन प्रती. एक शाळेला, एक तिच्या आईला, एक शिक्षण निरीक्षकांना रजिस्टर पोस्टाने.

सव्वासातला मोठ्या बाई आल्या. मी त्यांच्या टेबलापाशी उभी होते. टेबलावर कडी, चार स्क्रू आणि पत्र. त्यांनी कडी बघितली. "हे काय आहे? कुणाला विचारून?"

"पत्रात लिहिलंय," मी म्हटलं.

पत्राखाली सही तेवढी मुद्दाम बाकी ठेवली होती. ती त्यांच्यासमोर करायची होती. पॅड तिथेच होतं. मी ते बाजूला सारलं, माझं पेन काढलं आणि तिन्ही प्रतींवर सही केली. पूर्ण. माझं नाव, वडलांचं नाव, आडनाव.